बाकासचा निरोप

ओमुरझाकच्या तोंडाला कुलूप आहे, असं आमच्या सुसामीरच्या खोऱ्यात सगळे म्हणत. सव्वीस हिवाळे तो बिश्केक ते सुसामीर भाड्याची गाडी चालवत होता आणि गाडीत ऐकलेलं गाडीतच ठेवत होता. म्हणून तर घरात कुणी गेलं की शहरातल्या लेकीसुनांना आणायला लोक त्यालाच फोन करीत. आमच्यात लांबच्या माणसाला मयताची बातमी वाटेत देत नाहीत. 'तब्येत बरी नाही, ये' एवढंच कळवायचं. खरं काय ते गावाच्या तोंडाशी थोरली माणसं सांगतात, म्हणजे सावरायला आपली माणसं जवळ असतात. ओमुरझाकनं अशी अकरा माणसं आणली होती आणि एकालाही त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नव्हतं. त्याला याचा गर्व होता, आणि का नसावा?

त्या जानेवारीत सतारचा फोन आला. "माझा भाऊ गेला रे. बाकास गोठ्यात पडला तो उठलाच नाही. शब्द नाही, काही नाही. उद्या दुपारच्या नमाजानंतर माती. सालकीनला घेऊन ये, आणि तोंड उघडू नकोस."

सालकीन ही बाकासची एकुलती लेक. बापानं ठरवलेला नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून चार वर्षांपूर्वी ती त्याला सोडून शहरात शिवणकाम करायला गेली. तेव्हापासून बापानं तिला टाकलं होतं. तिचा फोनसुद्धा उचलत नसे. अशी लेक आणायची होती, आणि खिंडीत दोन दिवस बर्फ थांबलेला नव्हता.

सकाळी तो तिला घेऊन पोचला, तर तोओ-आशू खिंडीच्या पायथ्याशी फाटक बंद. तीसेक गाड्या उभ्या. पिवळ्या जाकिटातला रस्त्याचा माणूस काचेशी वाकून म्हणाला, "बुलडोझर एकदाच वर जाणार. त्याच्या मागून पाच गाड्या सोडतो. मग तीन दिवस विसरा. आणि वरून कडा कोसळला तर मला शिव्या द्यायला परत येऊ नका."

"काका, गाडी मागे घ्या," सालकीन म्हणाली.

"का गं?"

"का म्हणजे? आजारीच आहेत ना ते? आणि मला दारात तरी उभं करणार आहेत का? त्यांच्यासाठी मी बर्फाखाली मरू? माझी पोरगी शेजारणीकडे ठेवून आलेय. रस्ता उघडला की बघू."

तिचं काय चुकलं? काही नाही. ओमुरझाक खाली उतरला, सतारला फोन लावला. रेंज गायब. बुलडोझर घरघरायला लागला. खरं सांगावं, तर ही इथे, परक्या गाड्यांच्या रांगेत कोसळणार, हिच्या पाठीवरून हात फिरवायला आपलं कुणी नाही. न सांगावं, तर बाप मातीत जाणार आणि ही शहरात शिलाई मारत बसणार. तो परत गाडीत येऊन बसला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या बापानंच निरोप दिलाय. म्हणाला, सालकीनला घेऊन ये, मला तिला बघायचंय."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझं नाव घेतलं त्यांनी?"

"घेतलं."

"शपथ?"

"गाडी चालवताना मी शपथ घेत नाही," असं म्हणून त्यानं गाडी रांगेत घातली.

वर काही दिसत नव्हतं. पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा धरून चालायचं. माथ्यावरच्या बोगद्याच्या पलीकडे कड्यावरून बर्फाचा एक लोंढा रस्त्यावर आला होता. दीड तास सगळ्यांनी फावडी मारली, सालकीननंही. आणि बोलत काय होती ती. बाबांना शहरात मोठ्या डॉक्टरकडे नेईन, त्यांनी पोरीला पाहिलेलंच नाही, पाहिली की विरघळतील. गाल लाल झाले होते, हसत होती. ओमुरझाकला वाटलं, आपण हिचं काहीतरी चोरतोय. त्यानं खाली मान घालून बर्फ उपसला.

गावाच्या तोंडाशी तीन म्हातारे रस्त्यात उभे होते. ते बघूनच तिला कळलं. सतारनं तिला धरलं, बायका धावल्या, आणि तिला अंगणात उभारलेल्या जाड लोकरी नमद्याच्या तंबूत बापापाशी नेलं. बापाचा चेहरा तिला बघायला मिळाला. ओमुरझाकनं सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात आतून तिचा विलाप कानी आला. "मला बोलावलंत हो बाबा, माझं नाव घेतलंत, बर्फानं मला उशीर केला..." बाहेर काठ्यांवर टेकून रडणारे पुरुष एकेक करून गप्प झाले.

सतार ओमुरझाककडे आला. दाढी ओली होती. "तुला बोलला तो? चार वर्षं आम्ही समजावून थकलो. कधी बोलला?"

खरं म्हणजे दहा दिवसांपूर्वी पिठाचं पोतं पोचवायला गेला तेव्हा ओमुरझाकनंच तिचा विषय काढला होता, आणि बाकास पाठ फिरवून गोठ्यात निघून गेला होता.

"पीठ आणलं तेव्हा," तो म्हणाला.

"मग ते चारचौघांत सांग. नमाजाच्या आधी मयताची इच्छा सांगायची असते. लेकीवर उद्या कुणी बोट दाखवायला नको."

मयत बाहेर आणून ठेवलं होतं. माणसं रांगेनं उभी. तंबूतलं रडणं थांबलं होतं, म्हणजे तीही ऐकत होती. सव्वीस वर्षं तोंड सांभाळलेला माणूस पुढे झाला आणि मेलेल्या माणसासमोर म्हणाला, "माझ्या पोरीचा काही दोष नाही, तिला घरी आणा, असं बाकास म्हणाला होता." मौलवींनी मान हलवली, लोकांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले.

त्याला सहा वर्षं झाली. सालकीन आता लेकीला घेऊन दर हिवाळ्यात गावी येते, ओमुरझाकच्याच गाडीनं, त्याच्या शेजारी बसून. फाटक उघडून गाडी चढाला लागली की म्हणते, "काका, बाबा कसे म्हणाले होते, परत सांगा ना." तो सांगतो. तेच तेच किती सांगणार, म्हणून दर वर्षी थोडं जास्त सांगतो. गेल्या खेपेला तर त्याच्या तोंडून बाकास रडलासुद्धा. ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसते, आणि खिंड कधी एकदा संपते असं ओमुरझाकला होऊन जातं.