वन्संचा रोजचा मनपालट

माझ्या थोरल्या नणंदेचं मन जितक्या वेळा पालटलं असेल, तितक्या वेळा अख्ख्या शारजात कुणाचं पालटलं नसेल. लोक जन्मात एकदा बदलतात. आमच्या वन्सं रोज सकाळी साडेसहाला बदलतात, कणीक मळता मळता, मोठ्याने. माझे मिस्टर गेल्यावर त्यांनी मला अल मजाजच्या आपल्या घरी आणलं. तेव्हापासून त्यांची ही प्रार्थना मी भाजी चिरत ऐकते. "बापा, हे घर तुझं, गाडी तुझी, हे हातपाय तुझे. मी नुसती कारभारीण. आणि गाण्याचा आवाजही तुझाच." या शेवटच्या वाक्याला त्यांचा हात कणकेत थांबतो. कारण बाकी सगळं द्यायला त्या तयार असतात. चर्चमध्ये आमच्या मराठी मंडळीच्या शुक्रवारच्या उपासनेत पुढे उभं राहून गायची जागा मात्र त्यांच्याने सुटत नव्हती. वीस वर्षं त्या तिथे गात होत्या. अलीकडे वरच्या पट्टीत आवाज फाटायचा. ते सगळ्यांना कळायचं, आणि त्यांना सगळ्यांच्या आधी.

गाडी देवाची म्हणजे खरोखर देवाची. शुक्रवारी रोल्ला चौकापासून कुणाकुणाला घेत घेत जायचं, आणि तिकडे पहिलं गीत आमची वाट बघत थांबायचं. एकदा पार्किंगचा दंड झाला तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "वन्सं, गाडी देवाची ना?" म्हणाल्या, "गाडी त्याची. चूक माझी. यल्ला, चल, बस." एकदा आंब्यांची पेटी आली, तर त्यांनी शेजारच्या केरळच्या बाईंना दोन कच्चे दिले आणि पिकलेले मागे ठेवले. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेत कबुली दिली आणि तशाच पिठाच्या हातांनी पिकलेले घेऊन त्यांची बेल वाजवली. वन्संची लेक खोलीतून ओरडली, "मम्मी, पीपल आर स्लीपिंग!" "उठू दे त्यांना. माझं मन दुपारपर्यंत टिकायचं नाही!"

कापणीच्या सणाला आमच्यात लोक घरचा जिन्नस देवाला वाहतात, मग त्याचा लिलाव होतो. वन्संनी लिंबाचं लोणचं वाहिलं, पण दुसऱ्याच कुणाची बोली ऐकून त्यांना राहवेना. शेवटी स्वतःच चढी बोली लावून स्वतःचंच लोणचं घरी आणलं. "पन्नास दिरहम! म्हणजे बाराशे रुपये!" असं वाटभर स्वतःलाच रागावत होत्या. दुसऱ्या सकाळी बरणी वॉचमनच्या टेबलावर.

मग यंदा दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत जालन्याची एक नर्स मुलगी राहायला आली. गाडीत मागे बसून ती हळूच गुणगुणली आणि वन्संनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. असा आवाज आमच्या मंडळीत कुणाचा नव्हता. पण आता जागा सोडा, असं वन्संना सांगणार कोण? तीन आठवडे रोज सकाळी त्या ती जागा देवाला देत होत्या, आणि शुक्रवार आला की माईक त्यांच्याच हातात.

चौथ्या शुक्रवारी कणीक मळून झाली तरी प्रार्थना संपेना. उपासनेत त्यांनी नेहमीसारखा माईक घेतला, लोकांनी पुस्तकं उघडली, पेटीवाल्याने सूर धरला. आणि वन्सं चालत तिसऱ्या रांगेत गेल्या आणि त्या मुलीपुढे माईक धरला.

"हे घे. लवकर घे बाई, नाहीतर मी परत नेईन."

मग त्या शेवटच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना. शेवटी पर्स मांडीवर घेऊन धरून बसल्या. मुलगी गायली तेव्हा मागची मुलंसुद्धा खेळ टाकून ऐकायला लागली.

"चांगली गाते," वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला श्वास चुकला." आणि मग अगदी हळू, "माझाही तिथेच चुकायचा."

मला वाटलं, आता प्रार्थनेतलं ते शेवटचं वाक्य गळेल. पण दुसऱ्या सकाळी परातीवर वाकून वन्सं म्हणाल्या, "बापा, काल दिलं ते रात्रीत मी मनातल्या मनात परत घेतलं. आज पुन्हा देते." आणि तिथेच रडू लागल्या. मी नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भाजी पुन्हा धुवायला घेतली, म्हणजे मला काही ऐकू येत नाही असं त्यांना वाटावं.