शेंगदाण्याचा कूट आणि नवा गिटारवाला

माझा मुलगा डेथ मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणजे ओरडतो, पण तो त्याला गाणंच म्हणतो. जुना गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा बँड संपला असं सगळे म्हणाले. मग सिन्नरचा एक मुलगा आला आणि त्याला घेऊन त्यांनी नवा अल्बम केला.

लोकांना ऐकवायच्या आधी त्यांनी तो आमच्याच मागच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर लावला. मी स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट करत होते. कूट मी कानानं करते. आवाज बदलला की थांबायचं, नाहीतर तेल सुटतं.

गाणी संपल्यावर मुलगा आत आला. "आई, खरं सांग. पहिल्याइतकं जमलंय का?"

नवा मुलगा दारातच उभा होता. परक्यासमोर मला बोलता येत नाही. मी मिक्सरचं भांडं पुढे केलं. आत तेलकट गोळा झाला होता.

"जुना वाजवायचा तेव्हा मिक्सर ऐकू यायचा," मी हळूच म्हणाले.

मुलगा हसत सुटला. नवा मात्र घाबरला. "सॉरी काकू. हळू वाजवू का?"

मी मानेनंच नको म्हटलं आणि त्या गोळ्याची आमटी केली.