कांदे निवडता निवडता पाठ झालेले इडियम्स

काल दुपारी पंचवटीतल्या रूमवर सीईटीचा रिझल्ट उघडला... आणि मी अक्षरशः किंचाळले. घरमालकीणबाई लाटणं हातात घेऊनच धावत आल्या. लॉ कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क आहेत हो!

गेल्या वर्षी इंग्रजीने माझी पार वाट लावली होती. बाकी सगळं बरं, पण इडियम्स आले की डोकं बंद. बाबांनी बजावलं होतं... एवढं एकच वर्ष, नाहीतर मुकाट्याने चांदवडला बी.ए.

म्हणून चारशे इडियम्सच्या चिठ्ठ्या केल्या. पुढे इंग्रजी, मागे मराठी अर्थ. परीक्षेला महिना उरला तेव्हा आठवडाभर गावी गेले. घरी कांदा निवडायचं काम चालू होतं, त्यामुळे अभ्यासाला बसले तीही कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत, आईसमोरच.

आई चांगले, मध्यम, खराब असे कांद्यांचे ढीग करत होती, तिचं बघून मीही चिठ्ठ्यांचे तसेच ढीग केले. पाठ झालेले एकीकडे, अर्धवट मधे, अजिबात न येणारे पलीकडे. तीन दिवसांत पाठ झालेल्यांचा ढीग हा एवढा! त्याला रबर लावलं, पिशवीत टाकला आणि स्वतःवर जाम खूश झाले.

आईने पिशवीतून ते बंडल काढलं. आई सातवी शिकलेली, इंग्रजीशी काही संबंध नाही. मधलीच एक चिठ्ठी उपसून तिने मागचं मराठी वाचलं... 'भांडण मिटवणे.' मला इंग्रजी इडियम आठवेना. दुसरी काढली, तरी तेच. दहातले सहा उडाले, खोटं कशाला बोलू!

मला इतका राग आला... "तुला काय कळतं त्यातलं?" असं फाडकन बोलून गेले. आता लिहितानाही लाज वाटतेय.

आई चिडली नाही. हातातला कांदा दाबून बघत म्हणाली, "इंग्रजी नाय कळत. पण चांगला म्हणून ठेवलेलाच कांदा आतून मऊ पडतो, ते कळतं. निवडलेलं परत निवडावं लागतं, पोरी."

मग रोज संध्याकाळी तिने माझा 'चांगला' ढीग उपसला. अडखळले की चिठ्ठी परत मधे... अजिबात दयामाया नाही.

नाशिकला परतल्यावर वाटलं, सुटले. कसलं काय! आमच्या आईसाहेबांनी सगळे मराठी अर्थ माझ्या जुन्या वहीत उतरवून ठेवले होते. शेतात जायच्या आधी रोज सकाळी फोन, परीक्षेच्या दिवसापर्यंत. पेपरात इडियम्स आले तेव्हा मी एकदाही थांबले नाही.

काल आईला फोनवर रिझल्ट सांगितला. तिने तिकडेच शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "आमची वकील झाली गं!" अजून पाच वर्षं आहेत त्याला... पण तिला कोण समजावणार!

आई, त्या दिवशी उलट बोलले, त्याबद्दल सॉरी. आणि बाकी सगळ्यासाठी थँक यू. मावशी तिच्या मोबाईलवर हे तुला वाचायला देईल तेव्हा रडू नकोस... मी इथे आधीच रडून बसलेय.