सुईणीची बाळंतीण

"माझी बाळंतीण कोनी नेली? बारा दिवस भरले नाय तिचे. अंगावर पिनारी चार पोरं हायेत, आनि तुमी तिला उचलून नेली? कोन तो, पुढं या."

काकी आमच्या चाळीच्या ओट्यावर उभी राहून ओरडत होती. सोमवारची सकाळ होती आणि मी खोलीत दाढीला साबण लावून बसलो होतो. तिचा आवाज असा की तो तुळिंजच्या डोंगरावर आपटून परत आला, आणि आमच्या कौलांवरचे कावळे जे उडाले ते थेट अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसले. थोडं वाढवून सांगतोय. विरारपर्यंत गेले असतील.

चाळीत त्याच महिन्यात राहायला आलेला एक मास्तर बनियनवर बाहेर धावला. बाई पळवली म्हणजे पोलिसांत कळवायला हवं, असं त्याला वाटलं. बाकी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की बाळंतीण म्हणजे एक पिंगट मांजर. आणि ती कोणी नेली हेही ठाऊक होतं. एकेकानं हळूच माझ्या दाराकडे पाहिलं.

काकी ही सुईण. चाळीच्या मागे, विहिरीच्या अंगाला तिचं कौलारू घर होतं. मूळची इथलीच, भातशेतीवाली. तुळिंज, आचोळे, पार पलीकडे कळंबपर्यंत अर्धी माणसं तिच्या हातून जगात आलेली. बाजारात एखादा दांडगा बाप्या तिच्याशी भाव करायला लागला की ती म्हणायची, "तुला पाय धरून उलटा टांगलाय मी, माझ्याशी तोंड नको वाजवू." तिच्या हातची बाळंतीण कधी दगावली नव्हती. ही तिची एकच मिरास, आणि ती भेटेल त्याला सांगायची. पण एकोणीसशे सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. स्टेशनाजवळ पाटी लावून प्रसूतिगृह निघालं होतं आणि नव्या बिल्डिंगींतल्या पोरी तिकडे जात होत्या. आदल्या दिवसापर्यंत सबंध वर्षात काकीच्या हातून एकच बाळंतपण झालं होतं, ते ह्या पिंगट मांजरीचं.

मांजर तिची नव्हती, कोणाचीच नव्हती. तिच्या लाकडांच्या ढिगात येऊन व्याली, एवढंच. पण आपल्या घरात बाळंत झाली ती आपली, मग ती बाई असो, गाय असो की मांजर, असा काकीचा कायदा. तिनं नवऱ्याचं जुनं धोतर फाडून तिला अंथरलं. तूप घातलेला मऊ भात दिला. सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक दिला. मांजर शेगडीशी पोट वर करून पडून राही आणि काकी तिला विचारी, "आज दूध उतरलं ना गं नीट?" मी हे डोळ्यांनी पाहिलंय. चाळीत जाऊन सांगताना मात्र मी मांजरीच्या डोक्याला फडकं बांधलं आणि तिला अळिवाची खीर खायला घातली.

आता मांजरांचं सांगतो. अर्नाळ्याच्या कोळणी रोज सकाळी पाट्या घेऊन यायच्या आणि आमच्याच पायरीवर बसून मासळी साफ करून द्यायच्या. डोकी, आतडी, खवले सगळं तिथंच. त्या वासानं सबंध तालुक्यातली मांजरं आमच्याकडे वस्तीला आली. चाळीत माणसं चौतीस, मांजरं नऊशे. मी मोजली नाहीत, पण मोजायला बसलो असतो तर माझ्या मांडीवरच अकरा बसली असती. तव्यावरचे बोंबील जात, दुधावरचं झाकण निघे, गादीला न जाणारा वास लागे. एक काळा बोका तर कडी काढून आत यायचा आणि जाताना लावून जायचा. हसत होतो आम्ही. मग तीन नंबरच्या खोलीत पाळण्यातल्या पोराच्या गालावर डोळ्याखाली नख लागलं, तेव्हा हसणं थांबलं.

ओट्यावर बैठक झाली. मारायला कोणी तयार नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, आणि आमच्या चाळीत सोन्याचा उंदीरसुद्धा कोणाला परवडला नसता. तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना होते, त्यांनी उपाय सांगितला. मांजर पोत्यात घालायचं, पोतं डोक्यावरून सात वेळा फिरवायचं आणि खाडीकडच्या मिठागरात नेऊन सोडायचं. खारट वारं नाकात गेलं की मांजर घराचा वास विसरतं. परत येत नाही, आणि आपल्या हातून मरतही नाही. आम्हा सगळ्यांना हे फार पटलं. मरणार नाही हे तर सगळ्यात जास्त पटलं.

सायकल माझ्याकडे होती आणि तोंडही माझ्याकडेच होतं. मी म्हटलं, "एका खेपेला सात नेतो. सातच्या खाली एक नाही." असं मला कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

रविवारी दुपारी बांगड्याची डोकी टाकून मी पोतं उघडं धरलं. दोन तासांत सहा झाली. सातवं काही येईना. ओट्यावर बसलेली मंडळी विचारायला लागली, "काय रे, सहावरच दम संपला?" एवढ्यात काकीच्या घराकडून ती पिंगट आली. काकी त्या दिवशी कळंबला गेली होती. वर्षभरानं पहिल्यांदा कोणीतरी तिला बाळंतपणाला बोलावलं होतं. मांजर आपण होऊन चालत आली आणि बांगड्याच्या डोक्यांच्या वासानं पोत्यात शिरली.

अंधारात सगळी मांजरं सारखी दिसतात, असं मी नंतर लोकांना सांगत आलो. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. तिचं पोट लोंबत होतं आणि आचळं ओली होती. मी पाहिलं. आणि सुतळी बांधली.

तर सोमवारी सकाळी मी साबणाच्या तोंडानं बाहेर आलो. काकी माझ्यापुढं उभी राहिली. ओरडणं बंद झालं होतं.

"कुठं सोडली, तेवडं सांग. शिवी देत नाय तुला."

खरं सांगायला हवं होतं. तास-दीड तासाची सायकल, मी लगेच जाऊन आणलीही असती. पण मिठागर म्हटलं की ओल्या बाळंतिणीला कुठं टाकली हे तिला कळणार, आणि चाळ ऐकत उभी. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "अगं काकी, तिला बाजारातच सोडली, मच्छीवाल्यांच्या फळीखाली. मजेत असेल. दोन दिवसांत स्वतःच येईल बघ."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि धोतर सावरत आत गेले. बाकीचेही एकेक करून आपापल्या खोलीत सरकले.

काकी तशीच बाजारात गेली. रात्रभर बाळंतपणाला बसून सकाळच्या एसटीनं आलेली बाई, तोंडात पाणी न घालता गेली. दुपारी परत आली, पिल्लांना दुधात भिजवलेली कापसाची वात चोखायला दिली आणि पुन्हा गेली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मासळीच्या फळ्यांखाली वाकून "मने, मने" करत फिरायची. कोळणी तिची चेष्टा करायच्या. "काकी, एक पापलेट घेऊन जा, ते दूध पाजंल." काकी म्हणायची, "तुजं बालंतपन करायला येईन तवा सांगीन." पण ह्या बोलण्यात तिचा जोर नव्हता, असं आमच्या शेजारणीनं मला सांगितलं. मुद्दाम मलाच सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी एक पिल्लू गेलं. बुधवारी दोन. काकीनं ती विहिरीमागं केळीच्या बुंध्याशी पुरली. मी रोज कचेरीला जायचो, रोज येऊन विचारायचो, "आली का?" इतक्या सहजपणे की मलाच खरं वाटायला लागलं होतं की ती बाजारात आहे. गुरुवारी काकी म्हणाली, "एकच उरलंय. वात चोखत नाय आता. आई पायजे त्याला." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि सायकल काढली.

एप्रिलचं ऊन. मिठागरात ते वरूनही लागतं आणि खालूनही. चौकोनी वाफ्यांत पाणी आटून पांढरं पडलेलं, मिठाचे ढीग डोळ्यांना खुपत होते. डोक्याला फडकं बांधलेला एक कामगार फावड्यानं मीठ ओढत होता. त्याच्या पायांना भेगा, भेगांत मीठ. मी विचारलं, रविवारी इथं सात मांजरं सोडली होती, कुठे दिसली का.

त्यानं फावडं थांबवलं नाही. "तू सोडली व्हय?"

"हो. इथं मासे-बिसे मिळतील म्हणून."

"इथं पानी नाय. आमचं पेयाचं पानी गाडीवरनं पिंपात येतं, ते मानसांना पुरत नाय. पयल्या दिवशी पिंपाकडं येत व्हती. आमी हाकलली." थोडं मीठ ओढून तो म्हणाला, "मग वाफ्यातलं प्याली. दोन गेली कुठंतरी. बाकीची तिकडं बांधाला."

बांधाच्या सावलीत, जेवढी काय सावली होती तेवढ्यात, ती पाच पडली होती. खारवलेल्या सुरमईसारखी आखडलेली. त्यांना वास नव्हता, मीठ त्याचं काम करतं. पिंगट शेवटी होती. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा नेहमी म्हणतो की तिचं तोंड घराकडे होतं. खरं तर तोंड कुठे आहे ते नीट कळत नव्हतं. पोटावरचे केस चिकटून वाळले होते, त्यांवर मिठाचे खडे धरले होते.

नानांचं एक खरं ठरलं. परत कोणी आलं नाही.

येताना मी काय करावं? सरळ जाऊन सांगावं. पण मी तुळिंजच्या बाजारात उतरलो. मासळीच्या फळीखाली एक मांजर बसलेलं, हुबेहूब तो रंग, तसाच पांढरा गळा. अंगानं जरा भरलेलं, पण मी म्हटलं, बाजारात आठवडाभर खाल्लं म्हणून सांगू. कोलंबी दाखवली, पोतं उघडलं. दुसऱ्यांदा त्याच पोत्यात.

काकी मागच्या दारात बसून वाल सोलत होती. मी पोतं पुढं ठेवलं आणि सुरू झालो. काय बोललो नाही ते विचारा. की ती बाजाराची राणी झाली होती, की चार कुत्र्यांना तिनं मटणवाल्याच्या छपरावर चढवलं, की मला बघून तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं आणि कोळणींनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला. हात हलवून हलवून बोललो. अर्ध्यात माझंच मन भरून आलं. काकीचे हात वाल सोलत राहिले. सगळं संपल्यावर तिनं सुतळी सोडली, आतलं मांजर मानेच्या कातड्याला धरून वर काढलं, एका बोटानं शेपूट उचललं आणि खाली ठेवलं.

"हा बोका हाय," ती म्हणाली.

जिनं चाळीस वर्षं अंधाऱ्या खोल्यांत नुसत्या हातानं पोरगा की पोरगी ओळखलं, तिच्यापुढं मी बाळंतीण म्हणून बोका ठेवला होता. बोका ओटीवरून उतरून चालता झाला.

"आता सांग," काकी म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

मी खाली बसलो आणि सांगितलं. पोतं, सातवं, तीन वाजताचं ऊन, ओली आचळं, मिठागर, पिंप, बांध. त्यात मी काही घातलं नाही. घालायला काही सुचलंही नाही. पाच-सहा वाक्यांत सगळं आटपलं. वालाच्या साली तिच्या पायाशी पडत होत्या. तिनं मध्येच एक किडका दाणा वेगळा काढून अंगणात फेकला.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "काकी, मी आत्ताच स्टेशनवर जातो. औषधाच्या दुकानात ड्रॉपर मिळतो, थेंबाथेंबानं दूध घालता येतं. गाईचं ताजं आणतो. त्या एकाला तरी वाचवू."

"नको आनू," काकी म्हणाली. "ते सकालीच गेलं."