डाव्या बाजूचा अंधार

लॅबमावशींनी स्वतः काढलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण धुतलेले? चौतीस वर्षं त्यांनी लॅबमध्ये दुसऱ्यांची लग्नं, वाढदिवस आणि सहली कागदावर उतरवल्या. मग लॅब बंद पडली, मावशी घरी बसल्या आणि आठवडाभरात नवऱ्याचं डोकं खाऊन मोकळ्या झाल्या. शेवटी तेच म्हणाले, "अगं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी फोटोवाले जमतात. आता जरा त्यांचं खा ना!"

तीन रविवार मावशी मागच्या खुर्चीवर गप्प बसल्या. चौथ्या रविवारी पडद्यावर क्लबमधल्या एका पोस्टमनने काढलेला फोटो लागला. टपाल वाटता वाटता सहज टिपलेला. भर उन्हात एक माणूस डोक्यावर गादी घेऊन चाललाय. गादी पुढेमागे लोंबलेली, त्यामुळे चेहरा गायब, खाली नुसते पाय. डावीकडे काळाकुट्ट दरवाजा.

क्लबचे सर पूर्वी वर्तमानपत्रात छायाचित्रकार होते. बोलणं मोजूनमापून. "क्षण छान पकडलात. पण एक्स्पोजर उन्हावर बेतलंय, सावली पार बुडाली. अर्धी चौकट रिकामी. डावीकडचं सगळं कापून टाका."

"कापू नका!"

आपण ओरडलो हे मावशींना सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. कान तापले, पण आता माघार कसली! "सर, तो काळा सगळीकडे सारखा नाहीये. त्यात काहीतरी आहे. असं दिसलं की आम्ही प्रिंट काढताना कागदाला तेवढ्याच जागी उजेड कमी द्यायचो; उजेड कमी तेवढा कागद कमी काळा, मग आतलं वर यायचं."

सरांनी लॅपटॉप पुढे सरकवला. "दाखवा."

मावशींनी फक्त दरवाजा हळूहळू उजळला. आधी उंबरठा आला. मग चपला. मग...

"अरे, बाई आहे!" पोस्टमन उठून उभाच राहिला.

दारात एक बाई दोन्ही हात पसरून, तोंड उघडून हाका मारत होती, 'इकडे, इकडे!' आणि गादीवाला बिचारा सरळ उजवीकडे निघालेला!

खोलीत हशा उसळला. पोस्टमनने कपाळावर हात मारला. "यांची पत्रं मीच टाकतो. फोटो काढताना दिसल्याच नाहीत मला!"

सर चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. "अंधार उजळल्याने ठिपक्यांसारखे दाणे उठलेत थोडे. उठू देत. चौकट भरली की हो! माझं म्हणणं मागे घेतो. मावशी, पुढच्या रविवारी फोटोंवर तुम्ही बोलायचं."

मावशी जिना उतरल्या त्या जवळजवळ उड्या मारतच. अर्ध्यात थबकल्या आणि तशाच वर आल्या. "सर, मागचा विजेचा खांब गादीतून उगवल्यासारखा दिसतोय. फोटो एक पाऊल डावीकडे सरकून काढला असता तर?"

"मग दरवाजा गेला असता."

"मुळीच नसता गेला!"

वाद असा पेटला, की वाचनालयाचा शिपाई किल्ल्या वाजवून वाजवून थकला. शेवटी पोस्टमन म्हणाला, "गल्ली दहा मिनिटांवर आहे. उभं राहूनच बघा ना."

मावशींनी घरी फोन लावला. "अहो, तुम्ही जेवून घ्या. मला वेळ लागेल."