रावजी तांडेलाने मोटार टेकूवर घेतली
रावजी तांडेलाचे गुडघे गेले आणि दर्या सुटला. मेव्हणा आत्माराम मुंबईहून निरोपावर निरोप धाडत होता, "गोदामावर रखवालीची जागा हाय, या." पण जन्मभर सुकाणू धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात काठी घेऊन बसायचं नव्हतं. म्हणून गेल्या साली मचव्यातला आपला वाटा देऊन रावजीकाकांनी पावस गावच्या एका बागायतदाराची मोडकी मोटार घेतली. कैक वर्षं ती आंब्याखाली कोंबड्यांच्या ताब्यात होती. ती दुरुस्त करून पावसच्या रस्त्यावर उतारू न्यायचे, हा बेत.

बैलांनी ओढत आणलेली मोटार अंगणात आली, तेव्हा येसूकाकू म्हणाल्या, "अवो, ही माणसं नेणार, की हिलाच माणसांनी न्यायची?"

चाकं, त्यांवरचे कमानीचे पाटे सोडवायचे तर सांगाडा उचलून धरायला हवा. शेजारचा शिवा गवंडी म्हणाला, "तांडेल, चारी कोपऱ्यांत चिरे रचून देतंय. हलायची नाय."

"चिऱ्यांवर घर बसवतात रे! चालती वस्तू कशी ठेवायची ते तू मला शिकवणार?"

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात. कण्याखाली ओंडके, दोन्ही अंगांना टेकू आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. रावजीकाकांनी मोटारही तशीच शाकारली. पोटाखाली ओंडके, बाजूंना टेकू, आणि इंजिनाचं जड तोंड पुढे अधांतरी. गंज धरू नये म्हणून लोखंडाला मुशी माशाचं तेल चोपडलं. त्या वासाने आळीतली सगळी मांजरं जमली. मोटारीला लाभलेले उतारू तेवढेच.

पाऊसभर काका पडवीत सुटे भाग घासत बसले, आणि मी शेजारचा पोरगा त्यांच्या हाताखाली. येसूकाकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, "नारळी पौर्णिमेला उभी राहिली तर ठीक. नाय तर पयल्या बोटीनं मुंबई."

पौर्णिमेला झापं उतरवली, चाकं चढवली. नारळ फोडून काकांनी स्वतः टेकू काढले. मोटार तीन चाकांवर उभी राहिली. चौथं हवेत. आम्ही ते दाबून खाली आणलं, तर पलीकडचं उठलं. ओल्या मातीत एका अंगाचे टेकू खचले होते, आणि इंजिनाच्या भाराने सांगाडा पीळ पडलेल्या धोतरासारखा झाला होता.

मोटार-अड्ड्यावरचा बाबू फिटर आला. एक डोळा मिटून त्याने सांगाडा न्याहाळला.

"तांडेल, मचवा कण्यावर बसतो. मोटार चाकांवर. आधार टोकांना द्यायचा होता."

"सरळ होईल?"

"तापवून ठोकायला हवा. पण आतून गंजलाय, तुटंल."

"मग न ठोकता तरी काय करतलंय त्याचं? ठोक!"

लोहाराचा भाता अंगणात आला. पहिल्या तापवणीत सांगाडा जरासा वळला आणि काकांनी माझा दंड घट्ट धरला. दुसऱ्या खेपेला घण पडला, आणि लोखंड मधोमध तडकलं. बाबूने घण खाली ठेवला. काकांनी माझा दंड सोडला नव्हता. मला सोडवून घ्यावा लागला.

मुंबईच्या बोटी सुरू झाल्या तसा मी काकांना पोचवायला बंदरावर गेलो. बोटीकडे नेणाऱ्या पडावात खलाशाने ओळखून जागा केली, "तांडेल, सुकाणूवर या." काकांनी नको म्हणून मान हलवली. वळकटी मांडीवर घेऊन ते उतारूंत, बायकांच्या बोचक्यांशेजारी बसले आणि पडाव सुटेपर्यंत पायाखालच्या फळ्यांकडे बघत राहिले.