टेरेन्स गेजचे गरम बटाटे

टेरेन्स गेजला थंडी वाजते. तशी ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या नॉरफोकात सगळ्यांनाच वाजते. समुद्रावरून येणारा वारा माणूस बघून वाहत नाही. पण आम्हाला वाजते ती आमच्यापुरती, टेरेन्सला वाजते ती जाहीर. बॅटरीवर तापणारी बंडी, बॅटरीवर तापणारे मोजे, त्यावर लोकर, त्यावर रबर, आणि सगळ्यावर एक डगला. असा तो शेतात उतरला की कोणीतरी गादी उभी करून चालवत नेतंय असं वाटतं.

निवृत्त होण्याआधी त्याचं गालिच्यांचं दुकान होतं. आता तो आमच्या मंडळात आहे. आम्ही कानाला हेडफोन आणि हातात मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतो. जुनी नाणी, पट्ट्यांची बकलं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, नशीब असेल तर आणखी काही. उन्हाळ्यात शेतांत पीक असतं, म्हणून आमचा हंगाम थंडीत. ज्याला थंडी सोसत नाही त्याने घरी बसून टपालाची तिकिटं जमवावीत, असं मी टेरेन्सला तोंडावर सांगितलं आहे. त्याने ते कानटोपीवरून जाऊ दिलं.

त्याची सगळ्यात मोठी शेखी म्हणजे बटाटे. सकाळी ओव्हनमध्ये चार भाजायचे, फॉइलमध्ये गुंडाळायचे, डगल्याच्या खिशांत घालायचे. हात गरम राहतात, आणि भूक लागली की मीठ लावून खाता येतात. युक्ती वाईट नाही, पण ती इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक होती. टेरेन्सने मात्र ती स्वतः शोधून काढली आहे.

"जिल, हे शास्त्र आहे," तो मला म्हणतो.

"टेरेन्स, हा बटाटा आहे," मी म्हणते.

आणि ती फॉइल त्याने पुन्हा खिशात घातलेली मी कधी पाहिली नाही. चिमटीने सोलतो, तुकडे पायाशी पडतात, हा चघळत पुढे. शेत दुसऱ्याचं, परवानगी मंडळाची, कचरा ह्याचा.

गेल्या हिवाळ्यात ह्यूबर्ट लार्टर आमच्या मंडळाच्या बैठकीला आला. म्हातारा माणूस, टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. त्याने शेत विकलं होतं. नवा मालक तिथे सौरऊर्जेची पॅनेलं बसवणार होता, आणि मग कुंपणाच्या आत कोणाला पाय ठेवता येणार नव्हता. त्याआधी एक अंगठी शोधायची होती, त्याच्या बायकोच्या लग्नाची.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात विनी बीट उपटायला शेतात गेली आणि अंगठीशिवाय घरी आली. पडली, म्हणाली. तिच्या सासूने मरेपर्यंत एकच लावून धरलं, की सुनेने ती विकून खाल्ली. आणि ह्यूबर्ट काय म्हणाला? काहीच नाही. सबंध संसारात तो त्यावर काहीच बोलला नाही, आणि विनीने ते न बोलणं रोज ऐकलं.

अंगठी कुंपणाच्या झाडोऱ्याच्या कडेला पडली असेल, असं विनीचं म्हणणं होतं. बिटांचे ढीग तिथेच लागायचे. आम्ही काठ्या रोवून शेताचे पट्टे पाडले. झाडोऱ्याकडचा पट्टा टेरेन्सने आधीच बळकावला.

"तिथे अनुभवी माणूस हवा," तो म्हणाला.

तिथे वारा लागत नव्हता, एवढाच त्याचा अनुभव.

आमची एक रीत आहे. ज्याचा पट्टा त्याचा. त्याने 'साफ' म्हटलं की साफ. त्यावर दुसऱ्याने पुन्हा यंत्र फिरवणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं. म्हणून तो शब्द आम्ही जपून उच्चारतो.

दिवसभर आम्ही वाऱ्यात उभे. मला दोन बटणं आणि घोड्याच्या साजाची एक पितळी कडी मिळाली. मधूनमधून टेरेन्स दिसायचा. त्याचं यंत्र वाजायचं, तो कण्हत गुडघ्यावर बसायचा, हातमोजा काढायचा, गोठलेली माती उकरायचा आणि फॉइलचा तुकडा काढून फेकून द्यायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तो उभा राहून यंत्राची बटणं दाबताना दिसला. त्यानंतर तो एकदाही वाकला नाही.

अंधारून आल्यावर आम्ही लार्टरांच्या स्वयंपाकघरात जमलो. टेरेन्सने चुलीला पाठ लावून सगळी ऊब अडवली.

"माझा पट्टा साफ," तो म्हणाला. "अंगठी त्या शेतात असती तर मला सापडली असती, मिसेस लार्टर. ती तिथे नाहीच."

ह्यूबर्टने विनीकडे पाहिलं. एकदाच. ती पाव कापत होती, ती कापत राहिली. मला त्या क्षणी टेरेन्सला त्याच्या सगळ्या बॅटऱ्यांसकट विहिरीत ढकलावंसं वाटलं.

बाहेर अंगणात मी त्याला गाठलं. "यंत्राला फॉइल सोडून द्यायला सांगितलंस ना?"

"अगं, किती वेळा वाकायचं? सगळी माझीच फॉइल होती, आजची आणि मागच्या हंगामातली."

"सोन्याची बारीक अंगठी आणि फॉइल, यंत्राला दोन्ही सारखीच. फॉइल सोडली की सोनंही सुटलं. हे तर तू नवख्यांना शिकवतोस."

"जमीन गोठलेली होती, जिल," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

सकाळी मी लार्टरांचं दार वाजवलं. ह्यूबर्टने उघडलं.

"टेरेन्स म्हणाला ना, साफ आहे?"

"मी त्याचा कचरा वेचायला आलेय," मी म्हटलं. "तुम्ही बादली धरा."

आम्ही झाडोऱ्याच्या कडेने निघालो. दुसऱ्याच्या साफ पट्ट्यावर मी जन्मात पहिल्यांदाच यंत्र फिरवत होते. वाजलं की उकरायचं. फॉइल. पुन्हा फॉइल. एका तुकड्याला बटाट्याचं सालही चिकटलेलं. टेरेन्सच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी प्रत्येक तुकडा बादलीत टाकत होते. दुपारच्या सुमाराला तसाच आवाज आला, तितकाच किरकोळ. पण हा तुकडा वर नव्हता. वीतभर उकरलं तेव्हा मातीच्या ढेकळात एक पिवळी कड दिसली.

मी ढेकूळ तसंच ह्यूबर्टच्या हातात दिलं. त्याने अंगठ्याने माती पुसली आणि बादली तिथेच टाकून तो घराकडे निघाला.

स्वयंपाकघरात त्याने अंगठी विनीपुढे ठेवली. एवढ्यात टेरेन्स आला. आदल्या दिवशी थर्मास विसरला होता. टेबलावरची अंगठी पाहून त्याचा चेहरा उजळला.

"माझ्या पट्ट्यात ना? बघा, मी अगदी जवळ पोचलो होतो." आणि तो चुलीला पाठ लावून उभा राहिला, हात खिशात.

"खिशात काय रे तुझ्या?" विनीने विचारलं.

"गरम बटाटे. माझी युक्ती आहे, मिसेस लार्टर."

"आम्हीही न्यायचो," विनी म्हणाली. अंगठीला तिने अजून हात लावला नव्हता. "एकेकीला एकच मिळायचा. त्या दिवशी ह्यूबर्टचे हात फुटून रक्त येत होतं. माझा बटाटा मी ह्याला दिला. मग बोटं गारठून इतकी बारीक झाली, की अंगठी कधी गळली ते कळलंच नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस," ह्यूबर्ट म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस."

ह्यूबर्टने अंगठी उचलली. तिची बोटं आता सांध्यांत सुजलेली, अंगठी करंगळीतच गेली, तीही हळूहळू फिरवत. त्याने तो हात सोडला नाही.

"दार लावा रे कोणीतरी," टेरेन्स म्हणाला. "वारा येतोय."

दार त्यानेच उघडं टाकलं होतं.